जुन्या टू-स्ट्रोकची रेस खाली का येत नाही

मूठ सोडली तरी इंजिन ओरडतच राहतं, आणि पहिला हात जातो तो कार्बुरेटरच्या बाजूला दिसणाऱ्या स्प्रिंगवाल्या स्क्रूकडे, म्हणजे आयडल स्क्रूकडे. दोन फेरे उलटा फिरवला, रेस खाली आली, काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी किक मारून मारून चालू होत नाही, आणि गरम झाली की पुन्हा ओरडायला लागते. जुन्या टू-स्ट्रोकवर हा खेळ महागात पडतो. वाढलेली रेस हा पुष्कळदा स्क्रूचा दोष नसतोच. इंजिनात नको त्या वाटेनं हवा शिरते आहे, याची ती पहिली खूण असते. आणि पिस्टन चिकटतो तो त्याच हवेमुळे.

आधी 'जास्त' म्हणजे किती ते ठरवू. रस्त्यावरच्या जुन्या टू-स्ट्रोकचा आयडल, म्हणजे मूठ सोडल्यावरची रेस, साधारण 1,100 ते 1,400 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. इंजिन पूर्ण गरम असताना 1,800-2,000 च्या खाली उतरत नसेल, तर काहीतरी बिनसलं आहे. जुन्या मीटरच्या काट्यावर फार भरवसा ठेवू नका. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त टॅकोमीटर वापरणार असाल, तर त्यात 'दर फेऱ्याला एक ठिणगी' हे सेटिंग आहे ना ते बघा. फोर-स्ट्रोकच्या सेटिंगवर तो थेट दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवू शकतो, आणि मग नसलेला आजार शोधण्यात दिवस जातो.

पेट्रोल कमी, तरी रेस जास्त?

इथे बरेच जण गोंधळतात. हवा जास्त आणि पेट्रोल कमी म्हणजे मिश्रण पातळ, मेकॅनिकच्या भाषेत लीन. मग इंजिन अशक्त व्हायला हवं, ते जोरात का पळतं?

उत्तर टू-स्ट्रोकच्या श्वासोच्छ्वासात आहे. आयडलला स्लाइड, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होऊन कार्बुरेटरमधली वाट उघडणारी सरकती झडप, जवळजवळ बंद असते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात आत येणारा ताजा माल, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, अगदी थोडा असतो आणि सिलिंडरमध्ये मागच्या स्फोटाचा जळका वायू भरपूर शिल्लक राहतो. अशा गढूळ मिश्रणात ठिणगी पडली तरी दर वेळी आग लागत नाही. एक-दोन फेरे फुकट जातात, ताजा माल साठतो, मग एक स्फोट होतो. टू-स्ट्रोकचा तो ओळखीचा अडखळता 'टँग... टँग-टँग...' आवाज यातूनच येतो. थोडं रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं मिश्रण असेल तर हे अडखळणं आणखी वाढतं, आणि नेमकं तेच रेसला लगाम घालत असतं. आता कुठून तरी जादा हवा आत आली की दोन गोष्टी एकदम होतात. ताजा माल वाढतो, म्हणजे न फिरवता मूठ थोडी फिरवल्यासारखं होतं. आणि मिश्रण पातळ होऊन सहज पेट घेण्याच्या पट्ट्यात येतं. आता जवळजवळ प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. अडखळणं थांबतं, आवाज सलग आणि कोरडा होतो, रेस चढते.

कानाला हा आवाज छान वाटतो, आणि फसगत होते ती तिथेच. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला आतून थंड ठेवण्याचं बरंचसं काम पेट्रोल करतं आणि वंगण देणारं ऑइलही त्याच प्रवाहातून येतं. पातळ मिश्रणावर इंजिन गरम धावतं, पिस्टन फुगतो, आणि लांबच्या वेगवान पट्ट्यानंतर मूठ सोडल्यावर चिकटायला त्याला एवढं निमित्त पुरतं.

दुसरी गोष्ट अशी की फोर-स्ट्रोकमध्ये हवा ओढायची जागा म्हणजे कार्बुरेटर ते वाल्व्ह एवढीच. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालचा, क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा असतो तो चेंबर स्वतःच पंप आहे. पिस्टन वर गेला की चेंबरमध्ये पोकळी होते आणि माल ओढला जातो. पिस्टन खाली आला की तो माल दाबून वर ढकलला जातो. म्हणून चेंबरचा प्रत्येक सांधा, दोन्ही टोकांची ऑइल सीलं, सिलिंडरखालची पॅकिंग, हे सगळं हवा ओढण्याच्या वाटेचाच भाग असतं. मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावर फिरणाऱ्या, ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाच्या) मागे लपलेलं बोटभर रुंदीचं रबर झिजलं की कार्बुरेटरची रेस चढते. हे नातं लक्षात आलं की पुढचा शोध सोपा होतो.

आधी ऐका, मग उघडा

इंजिन गरम करा, मूठ झटकन फिरवून सोडा आणि रेस कशी उतरते ते ऐका.

रेस पटकन उतरून एका ठरलेल्या पण जास्त आकड्यावर स्थिर होत असेल, तर स्लाइड पूर्ण बसत नाही: आयडल स्क्रू जास्त आत आहे किंवा रेस वायर ताणलेली आहे. रेस उतरतच नाही, अडकते आणि मूठ हलवली की मोकळी होते, तर वायर किंवा स्लाइड घासते आहे. पण रेस आधी वर रेंगाळते, तीन-चार सेकंद लटकते आणि मग नाखुशीने हळूहळू खाली येते, तर ते पातळ मिश्रणाचं लक्षण. तिथे हवा शिरते आहे किंवा स्लो जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक, पुरेसं पेट्रोल देत नाही.

इंजिन थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर बरोबर? चोक बघा. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर जास्त? इथे एक निरुपद्रवी कारण आधी बाजूला काढा: कुणीतरी थंड इंजिनवर आयडल बसवलेला असतो. तो गरम इंजिनवर चढणारच.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी, आणि तिला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. आयडल स्क्रू किती फेरे आत आहे ते मोजून लिहून ठेवा आणि तो हळूहळू बाहेर काढत जा. बहुतेक जुन्या कार्बुरेटरांवर स्क्रू पूर्ण मोकळा झाला की स्लाइड तळाला बसते आणि इंजिन बंद पडतं. बंद पडलं, तर हवा स्लाइडखालूनच येत होती. म्हणजे प्रश्न वायर, स्क्रू किंवा जुळणीचा. स्क्रू मोकळा, वायर सैल, आणि तरीही इंजिन खुशाल चालू? मग त्याला हवा दुसरीकडून मिळते आहे. पुढचे दोन रस्ते इथेच वेगळे होतात.

वायर आणि स्लाइड

मुठीच्या कडेवर मोजला तर रेस वायरचा मोकळेपणा 2 ते 3 मिलिमीटर हवा. इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. वळवताना रेस चढली, तर वायर कुठेतरी ओढली जाते आहे: टाकीखाली दबली आहे, हेडलाइटजवळ चुकीच्या बाजूने गेली आहे, किंवा लांबीच कमी आहे. ऑइल पंपाच्या गाड्यांवर एका वायरच्या दोन होतात, एक कार्बुरेटरला आणि एक पंपाला. तो जोड असतो त्या छोट्या नळकांड्यात गंज आणि चिखल बसला की दोन्ही वायरी अर्धवट परततात. ते नळकांडं बाहेरून धडधाकट दिसतं, म्हणून सहसा कुणी उघडत नाही. उघडा. मुठीचं रबर हँडलच्या टोकाला घासत नाही ना, तेही याच वेळी बघून घ्या. कारण अगदी साधं आहे, पण निघतं वारंवार.

मग कार्बुरेटरचं वरचं झाकण काढून स्लाइड बाहेर घ्या. स्लाइडच्या तळाला एका बाजूने तिरका कट असतो. तो कट एअर फिल्टरच्या बाजूला यायला हवा. उलटी बसवलेली स्लाइड हा जुन्या गाड्यांवरचा नेहमीचा घोळ. उलटी बसली की आयडल स्क्रूला तिची योग्य खाच मिळत नाही आणि स्लाइड खाली उतरत नाही, किंवा उतरली तरी इंजिनाच्या बाजूने कायमची फट राहते. बसवताना स्लाइडची उभी खाच आतल्या छोट्या खिळ्यावर आली पाहिजे. ती बसल्याचं बोटाला कळतं, स्लाइड अचानक शेवटचे काही मिलिमीटर खाली जाते. झाकण लावण्याआधी मूठ फिरवून सोडा. स्लाइड तळाला आदळल्याचा 'टक्' आवाज यायला हवा. तो येत नसेल तर गाडी चालूच करू नका.

स्लाइड सुटी असताना मोकळी पडते, पण कार्बुरेटर इंजिनला आवळला की अडकते? दोन बोल्टांच्या कानांनी बसणाऱ्या कार्बुरेटरांचं हे जुनं दुखणं. कुणीतरी बोल्ट जीव खाऊन आवळलेले असतात, त्यामुळे कान पुढे वाकतात, मधली बाजू उचलली जाते आणि गोल घर अंडाकृती होतं. असा कार्बुरेटर स्लाइडही अडकवतो आणि सांध्यातून हवाही ओढतो. सपाट काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यासारखं घासत तोंड सपाट करता येतं, मध्ये 0.05 मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) शिरणार नाही, इतकं सपाट. त्यानंतर बोल्ट आळीपाळीने आणि हलक्या हाताने आवळायचे.

स्लाइड आणि तिचं घर झिजलेलं असेल तर ती बोटाने हलवल्यावर खडखडते. चार दशकं चाललेल्या कार्बुरेटरवर इंजिनाच्या बाजूची झीज डोळ्यांना चकचकीत पट्ट्यासारखी दिसते. तिथून हवा स्लाइडला वळसा घालून जाते आणि आयडल कधीच एका जागी राहत नाही. नुसती नवी स्लाइड टाकून अर्धाच फायदा होतो, कारण घरही तितकंच झिजलेलं असतं.

बाहेरची हवा

इंजिन आणि कार्बुरेटर यांच्यामधलं रबर उन्हातेलात वर्षं काढून कडक होतं. नुसतं बघून त्याची चीर दिसत नाही. काढून हातात घेऊन पुस्तकासारखं उघडं वाकवा, घडीच्या तळाशी केसासारख्या रेघा दिसतील. क्लॅम्प, रीड ब्लॉकची (माल फक्त आत जाऊ देणाऱ्या पातळ पात्यांच्या झडपेची) पॅकिंग आणि कार्बुरेटरच्या तोंडातली ओ-रिंगही तपासा. ओ-रिंग चपटी होऊन खाचेच्या पातळीला आली असेल तर ती कितीही आवळली तरी हवा अडवणार नाही.

इथे कडक शब्दात एक सूचना. सांध्याला सिलिकॉनचा लेप लावू नका. पेट्रोलमध्ये तो फुगतो, सुटतो, आणि त्याचे तुकडे आत जातात. हवेची गळती बुजवायला घातलेलं सिलिकॉन रीडखाली अडकून नवाच आजार आणतं. सपाट तोंड आणि नवी पॅकिंग हेच खरं औषध.

गळती शोधायला चालू इंजिनच्या सांध्यावर कार्ब क्लीनरचा फवारा मारायची पद्धत सर्रास वापरली जाते. रेस बदलली की गळती तिथे. पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यात दोन खोड्या आहेत. फवाऱ्याची वाफ कार्बुरेटरच्या तोंडातून आत गेली तरी रेस बदलते आणि तुम्ही भलत्याच पॅकिंगला दोष देता. म्हणून बारीक नळी लावून, थेंबाथेंबाने मारायचं. दुसरी खोड आगीची. गरम सायलेन्सर शेजारीच असतो, आणि मॅग्नेटच्या बाजूला तर पॉइंटच्या, म्हणजे प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या, ठिणग्याच उडत असतात. त्या बाजूला फवारा मारूच नका. बाकी सांध्यांवरही साबणाचं पाणी आधी वापरून बघा. गळती मोठी असेल तर तेवढ्यानंही रेस क्षणभर बदलते.

त्याहून सुरक्षित खूण चोक देतो. रेस चढलेल्या गरम इंजिनवर चोक अर्धा ओढा. निरोगी इंजिन लगेच घुसमटून बंद पडू पाहतं. पातळ मिश्रणावरचं इंजिन मात्र सुधारतं: रेस उतरते आणि अडखळता, ओळखीचा आवाज परत येतो. असं झालं तर निदान जवळजवळ पक्कं. आता गळती नेमकी कुठे, एवढंच उरतं.

दाबाची चाचणी

इतर चाचण्यांत अंदाज असतो, या चाचणीत पुरावा मिळतो. इंजिन बंद असताना ते एखाद्या ट्यूबसारखं हवेने भरायचं आणि हवा टिकते का ते बघायचं. साधनं घरगुती आहेत. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि डायल यासाठी उत्तम, कारण त्याचा काटा 300 पर्यंत जातो आणि आपल्याला हवा असलेला 5 पीएसआय (टायरच्या हवेचं माप) दाब म्हणजे पाऱ्याचे जवळपास 260 मिलिमीटर.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा आणि त्यावर पत्र्याची पट्टी आवळा. कार्बुरेटर काढून त्याच्या जागी रबराचं बूच बसवा. रीड वाल्व्हचं इंजिन असेल तर हवा या बुचातूनच भरा. प्लगच्या भोकातून भरली तर रीड मिटतात आणि त्यांच्या बाहेरचा सांधा तपासलाच जात नाही. रीड नसलेल्या, पिस्टननेच पोर्ट उघडणाऱ्या इंजिनात प्लगच्या भोकातून भरा आणि पिस्टन अगदी खाली ठेवा, म्हणजे चेंबर आणि सिलिंडर एक होतात. पिस्टनच्या भिंतीजवळची फट हवा अडवण्याइतकी घट्ट नसते, त्यामुळे इनटेकच्या सांध्यापर्यंतही दाब पोचतो.

हळूहळू 5 पीएसआयपर्यंत भरा. 6 च्या वर जाऊ नका. कॉम्प्रेसर जोडायचा मोह तर अजिबात नको, त्याने सील जागेवरून उडून बाहेर येतं. मग घड्याळ लावा. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा कमी उतार चालवून घेता येतो, म्हणजे रक्तदाबाच्या डायलवर मिनिटाला साधारण 50. नुकत्याच बांधलेल्या इंजिनचा काटा हलताही कामा नये.

काटा पडत असेल तर भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने लावत चला: आधी तुमची स्वतःची बुचं, कारण पहिली गळती बहुधा तिथेच निघते, मग इनटेकचा सांधा, सिलिंडरची वरची-खालची पॅकिंग, प्लग, चेंबरच्या दोन अर्ध्यांचा मधला सांधा, ऑइल पंपाच्या नळीचा बोल्ट. मोठी गळती फसफसते. लहान गळतीला मोहरीएवढे बुडबुडे एकाच ठिकाणाहून ओळीने येत राहतात. त्यासाठी अर्धा मिनिट थांबून बघावं लागतं. मॅग्नेट काढला असेल तर त्याच्या मागच्या सीलवर साबण थेट लावता येतो. क्लचच्या बाजूचं सील मात्र गिअरबॉक्सच्या आत असतं. त्यासाठी गिअर ऑइलचं झाकण उघडून त्या भोकावर साबणाची पातळ फिल्म ओढा आणि ब्रीदरचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या श्वासाचं भोक बोटाने दाबा. फिल्म फुग्यासारखी वर आली, तर चेंबरची हवा क्लचच्या सीलमधून गिअरबॉक्समध्ये जाते आहे.

एक बारकावा अनुभवी हातही विसरतात. सीलची ओठासारखी कड चेंबरकडे तोंड करून असते. आतून दाब दिला की ती कड शाफ्टवर आणखी घट्ट बसते, त्यामुळे कडक झालेलं सील दाबाच्या चाचणीत पास होतं. पोकळीत मात्र तीच कड उचलली जाते, आणि चालत्या इंजिनात हवा शिरते ती पोकळीतच. म्हणून दाब टिकला तरी संशय असेल, तर ब्रेकची हवा काढायच्या हातपंपाने तेवढीच पोकळी करून पुन्हा बघा.

कोणतं सील, आणि बदलताना काय चुकतं

दोन्ही सीलांची लक्षणं वेगळी. मॅग्नेटच्या बाजूला बाहेर कोरडी हवा असते, म्हणून तिथलं सील गेलं की निव्वळ हवा आत येते: रेस चढते, लटकते, प्लग पांढरा पडतो. मॅग्नेटच्या प्लेटवर ऑइलची ओली चकती दिसली तर चेंबरमधला माल बाहेर फेकला जातो आहे. क्लचच्या बाजूला बाहेर गिअर ऑइल असतं, म्हणून तिथलं सील गेलं की इंजिन ऑइल ओढतं: सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा-निळसर धूर, जळक्या गिअर ऑइलचा वास, आणि गिअरबॉक्समधली पातळी दर आठवड्याला कमी. अशा गाडीवर रेस चढेलच असं नाही. दोन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या मधोमधही एक अडसर असतो. तो झिजला की एका सिलिंडरचा श्वास दुसऱ्यात जातो, आणि त्यासाठी चेंबर फोडण्यावाचून इलाज नाही.

मॅग्नेट काढायला त्या मॉडेलचा पुलरच (आट्यांनी बसवून मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) वापरा. त्याचे आटे अनेक गाड्यांवर उलटे असतात. जोर लावण्याआधी बघून घ्या. हातोडीने ठोकून काढलेला मॅग्नेट क्रँक तरी वाकवतो किंवा स्वतःची चुंबकं तरी सैल करतो. सील बाहेर काढायची जुनी युक्ती म्हणजे त्याच्या लोखंडी कड्यात 2 मिलिमीटरची दोन भोकं पाडून त्यात पत्र्याचे स्क्रू बसवायचे आणि पक्कडीने सारखं ओढायचं. भोक पाडताना ड्रिल शाफ्टला लागलं तर नवं सीलही गळणार. काही इंजिनांत सीलच्या बाहेरच्या घेराला कड असते, ती चेंबरच्या खाचेत बसते. असं सील बाहेरून निघतच नाही. ओढण्याआधी पार्ट-बुकातलं चित्र बघा.

नवं सील शक्यतो व्हिटॉन रबराचं घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे साधं नायट्राइल रबर लवकर हार खातं. कडेला ग्रीस लावा. शाफ्टवरच्या अर्धचंद्र चावीच्या खाचेवर सेलोटेप गुंडाळा, नाहीतर सील सरकवताना त्या धारेने कड कापली जाते आणि नवीन सील पहिल्याच किकला गळतं. स्प्रिंगची बाजू चेंबरकडे. बाहेरच्या घेराएवढ्या सॉकेटने सरळ, हळूहळू ठोका. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सील अर्धा मिलिमीटर बाहेर ठेवा, म्हणजे कडेला कोरी जागा मिळते. मात्र आत ऑइल जायचं भोक झाकलं जात नाही ना, तेवढं बघा.

गळती नाही, तरी रेस चढते

मग पेट्रोल कमी पडतंय. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं असतं, आणि वर्षभर उभ्या गाडीत पेट्रोल उडून राहिलेला डिंक तेवढं सहज बुजवतो. स्टीलची तार घालू नका. भोक मोठं झालं की जेटवरचा नंबर खोटा ठरतो. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेने फुंका. जेटइतकाच महत्त्वाचा आहे तो कार्बुरेटरच्या अंगातला मार्ग. हवेच्या स्क्रूच्या भोकातून क्लीनर मारा. स्लाइडच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून स्वच्छ पिचकारी उडाली पाहिजे. नुसतं ओघळलं तर मार्ग अजून तुंबलेला आहे.

फ्लोटची (कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोल ठरवणाऱ्या तरंगत्या डबीची) पातळी खाली असेल, पेट्रोलच्या कॉकची जाळी तुंबली असेल किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद असेल, तरी हेच होतं. टाकी रिकामी होताना टू-स्ट्रोक बंद पडण्याआधी क्षणभर रेस घेते, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. झाकणाचं भोक बुजलेली गाडी तेच पंधरा-वीस मिनिटांनी करते. झाकण सैल केल्यावर बरी होते का बघा.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायच्या गाड्यांवर 'थोडं जास्त घातलेलं बरं' हा समजही तपासून घ्या. 25:1 म्हणजे लिटरला 40 मिलिलिटर, 40:1 म्हणजे 25 मिलिलिटर. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं घटतं आणि दाट माल सावकाश जातो. फरक लहान असतो, पण आधीच काठावर असलेल्या आयडलला तेवढा पुरतो.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे सरकलं तरी रेस वाढते. पॉइंटच्या गाड्यांवर गॅप बहुधा 0.3 ते 0.4 मिलिमीटर असतो. तो वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते. किक उलटी मारत असेल, चढावर इंजिन खडखडत असेल, तर प्लगच्या भोकात डायल गेज लावून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा. मॅग्नेट काढलाच असेल तर अर्धचंद्र चावी अर्धी कापली गेलेली नाही ना, हेही. ती चावी थोडी जरी सरकली तरी सगळं टायमिंग सरकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

रेस हाताबाहेर गेली तर

मोठ्या गळतीवर टू-स्ट्रोक कधी कधी स्वतःहून रेस घेत सुटतो आणि स्विच बंद केला तरी थांबत नाही, कारण लाल झालेला प्लगच आग लावत असतो. अशा वेळी फक्त पेट्रोलचा कॉक बंद करणं चूक: कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत वेळ जातो आणि शेवटी मिश्रण आणखी पातळ होऊन रेस अधिकच चढते. वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. फिल्टर काढलेला असेल तर कार्बुरेटरचं तोंड तळहाताने झाका. फडकं नको, ते आत ओढलं जातं.

शेवटी बसवणी

गळती मिटली, वायर मोकळी झाली, आता स्क्रूंची पाळी. दहा मिनिटं चालवून इंजिन गरम करा. स्लाइड आणि एअर फिल्टर यांच्यामध्ये असलेला बारीक स्क्रू हवेचा. आत फिरवला की मिश्रण रिच होतं. तो स्लाइड आणि इंजिन यांच्यामध्ये असेल तर पेट्रोलचा, आणि त्याचं सगळं उलटं. पुढची रीत हवेच्या स्क्रूची. तो बोटांच्या जोरानेच तळाला टेकवा, दाबलात तर टोक आत तुटतं. मग दीड फेरा बाहेर. आयडल स्क्रूने रेस 1,500 च्या आसपास ठेवा आणि हवेचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत सगळ्यात जास्त, सलग रेस कुठे मिळते ते शोधा. प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबा, टू-स्ट्रोक उशिरा उत्तर देतो. ती जागा एक ते दोन फेऱ्यांच्या आत सापडायला हवी. एका फेऱ्याच्याही आत येत असेल तर स्लो जेट लहान आहे किंवा हवा अजून कुठून तरी शिरते आहे. अडीचच्या पुढे जात असेल तर जेट मोठा आहे. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर मार्ग तुंबलेला आहे, पुन्हा साफसफाईकडे.

जागा सापडली की आयडल स्क्रूने रेस मॅन्युअलच्या आकड्यावर उतरवा आणि शोध पुन्हा एकदा करा. मग हवेचा स्क्रू एक अष्टमांश फेरा आत घ्या. आवाज किंचित अडखळायला लागेल. तो तसाच राहू द्या.